मोतीरामकाकांच्या कोऱ्या काचा

पोस्टकार्डाचा वरचा कोपरा फाडलेला होता. नागपूरच्या ज्या शाळेत मी नुकतीच शिकवायला लागले होते, तिथल्या शिपायाने ते माझ्या हातात दिलं नाही. टेबलाच्या कडेला ठेवलं आणि तो दोन पावलं मागे सरकला. कोपरा फाडलेलं कार्ड कुणी हातात देत नाही, कुणी घरातही नेत नाही. वाचायचं आणि तिथल्या तिथे फाडून टाकायचं. मजकूर तीन ओळींचा होता. गोंदियाचे मोतीराम फोटोवाले मंगळवारी सकाळी गेले, ताप डोक्यात चढला, काकीने कळवायला सांगितलं आहे. मी कार्ड उलटून पाहिलं, जणू मागे आणखी काही असेल... मागे फक्त माझा पत्ता होता. ते कार्ड मी फाडलं नाही. मोतीरामकाकांच्या बाबतीत नाहीसं करण्यासारखं जेवढं होतं, तेवढं मी आधीच करून बसले होते.

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. काकांनी गोंदियात वीस-बावीस वर्षं फोटो काढले. स्टेशनकडून बाजारात जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं आणि गावातल्या बहुतेक घरांत भिंतीवर त्यांच्या हातचा एखादा फोटो आहेच. म्हणून या पुरवणीच्या संपादकांनी मला लिहायला सांगितलं आणि सोबत काकांनी काढलेलं एखादं वेगळं चित्र पाठवा, असंही कळवलं. मी चित्र पाठवलेलं नाही. काकांनी स्वतःसाठी जी चित्रं काढली, त्यांतलं एकही आज शिल्लक नाही. ती मी नाहीशी केली. हे गोंदियात कुणाला ठाऊक नाही, काकीलाही नाही. आणि ते सांगितल्याशिवाय त्यांच्यावर एक ओळही खरी लिहिता येणार नाही, हे मला दोनदा लिहून आणि दोनदा फाडून कळलं.

ते माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते आणि आमचं आणि काकांचं घर त्यांच्या दुकानाच्या मागेच, एकाच अंगणात होतं. नवव्या वर्षी मला नागपूरला इंग्रजी शाळेत ठेवलं. दिवाळीला आणि उन्हाळ्यात घरी यायचे तेव्हा मला गल्लीतल्या मुलींशी काय बोलावं ते सुचत नसे. त्या मला ‘मडम’ म्हणत आणि मी दाराआड जाऊन उभी राहत असे. काकाही मला मडमच म्हणत, पण त्यांच्या तोंडी ते लागत नसे. ते मला बोलायला लावत नसत, हेच मोठं होतं. ज्यांवर फोटो घेतला जाई त्या काचेच्या प्लेटांच्या खोक्यात एक इंग्रजी कागद येई, कोणतं औषध किती पाण्यात मिसळायचं त्याचा. तो माझ्यापुढे धरून म्हणायचे, “वाच वं मडम, काय मनते थो साहेब?” मी मोठ्याने वाचायचे, मग मराठीत सांगायचे. वडिलांचं इंग्रजी मालाच्या पावत्यांपुरतं होतं; धड वाचता येणारी घरात मी एकटीच होते. इंग्रजीत जे लिहिलेलं असेल ते मी सांगेन तेच, असा काकांचा माझ्यावर विश्वास होता. पुढचं सगळं त्या विश्वासाशी बांधलेलं आहे.

दुकानातलं काम त्यांना आवडत नव्हतं असं नाही. गिऱ्हाईक आलं की ते हसतमुख असत. एकदा गोरेगावकडचे एक जमीनदार, तिकडचे मालगुजार, पोशाख करून आले. सोबत बंदूक, छत्री, गजराचं घड्याळ आणि गड्याच्या डोक्यावर ग्रामोफोन. “मोतीराम, हे समदं आलं पायजे फोटोत,” ते म्हणाले. काका काळ्या फडक्याखालून म्हणाले, “येईन ना जी, समदं येईन. फक्त तुमी उरान का नाही, थेच पाहून राहिलो.” मालगुजार स्वतःच पोट धरून हसले आणि फोटो हलला, एक काच वाया गेली. अशा वाया गेलेल्या काचा, गिऱ्हाइकाशिवाय नुसता उजेड पाहण्यासाठी घेतलेल्या काचा, काका एका फळीवर वेगळ्या ठेवत. माणसांच्या चेहऱ्यांच्या काचा मात्र कधी टाकत नसत. माणूस मेला की घरचे आणखी प्रती मागायला येतात, म्हणून दुकानाचा नियमच होता: काचेवर माणूस असेल तर ठेवायची, नसेल तर कधी ना कधी खरवडून कोरी करायची. कोरी काच तसबिरीला लागते. तिचं मापही फोटोच्या बरोबरीचं असतं, कापावी लागत नाही.

आणि दुपारी दुकान बंद असलं की तिवईवरचा तोच कॅमेरा ते मागच्या अंगणात आणून ठेवत. पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा बारा वर्षांची असेन. चुन्याने सारवलेल्या भिंतीला एक सूप टेकवून ठेवलं होतं. काकीचं रोजचंच, एका बाजूने वेत सुटलेलं. काकांनी मला फडक्याखाली डोकं घालायला लावलं. आत काचेवर सगळं उलटं दिसत होतं. सूप वरून लटकल्यासारखं. “काय दिसते?” मी म्हटलं, सूप. “आखीन?” खाली कोंबडीचं पीस पडलं आहे, वर खुंटी आहे, खुंटीला दोरी आहे. ते गेले, पीस उचललं, दोरी काढली, खुंटी हलवून हलवून उपटली. “आता?” सूप आणि त्याची सावली. “आता सावली सुपायेवढी होऊ दे,” असं म्हणून ते उकिडवे बसले आणि आम्ही वाट पाहिली. पाऊण तास तरी झाला असेल. मध्येच ते एवढंच बोलले, “लोक फोटोत काय टाकू, काय टाकू मनतेत. आपल्याले काय काढून घेऊ हे पाहा लागते.” उलटं दिसणं चांगलं असतं, असंही त्यांचं म्हणणं होतं. सुलटं सूप पाहिलं की माणूस तांदळाचा विचार करतो. उलट्या सुपात काळं किती आणि पांढरं किती, एवढंच उरतं.

नंतरच्या वर्षांत त्यांनी अशी चाळीसएक चित्रं तरी काढली. बिडीच्या कारखान्यातून येणाऱ्या शेजारणीची कात्री आणि कापलेलं एकच पान. विहिरीच्या रहाटावरून सरळ खाली गेलेला दोर, बाकी सगळं आभाळ. कापणीनंतर बांधीच्या वाफ्यात साचलेल्या पाण्यात उभी राहिलेली धानाची तीन खुंटं. बोदलकशाच्या तलावावर आम्ही बैलगाडीने गेलो होतो, काकी, माझी आई आणि मी. सगळ्यांना वाटलं काका आमचा फोटो काढतील. आई त्यासाठी नवं लुगडं नेसून आली होती. काकांनी कोळ्याने पाण्यात रोवलेल्या एका काठीचा फोटो काढला. काठी, तिचं प्रतिबिंब, आणि बाकी पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं ते कळू नये असं पांढरं. काकी गाडीत बसल्या बसल्या म्हणाली, “येवढ्या दूर काठीसाठी आनलं काय आमाले? घरी काठ्या नव्हत्या?” काका म्हणाले, “होत्या ना. पन त्यायले भिजाले पाणी नव्हतं.” परतताना गाडीत सगळे हसत होते. आई मात्र बरेच दिवस रुसली होती.

फोटोचा कागद महाग, म्हणून या चित्रांचे कागदावर छाप ते काढत नसत. एकदाच एका चित्राचा काढला. पितळेची एक वाटी, जमिनीवर, रिकामी. तो त्यांनी दुकानात दर्शनी भिंतीवर लावला. समोरच्या दुकानाचे सेठजी येऊन कंबरेवर हात ठेवून बघत राहिले आणि म्हणाले, “मोतीराम भाई, खाना ख़तम होने के बाद फोटो निकाला क्या? पहले बुलाते, हम भी आ जाते.” दुकानात चार-पाच माणसं होती. काकाही हसले. मग ती गोष्ट गावात फिरली. फोटो काढायला येणारा प्रत्येक जण आधी वाटीची विचारपूस करू लागला. आठव्या-दहाव्या दिवशी काकांनी तो कागद उतरवला, चार तुकडे केले आणि स्वयंपाकघरात जाऊन चुलीत घातले. “बस झालं,” एवढंच म्हणाले. मी चुलीपाशीच बसले होते. मला वाटलं, त्यांनी हे सगळं सोडून दिलं. का, असं मी विचारलं नाही. मी कुणालाच काही विचारत नसे.

महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी माझं शिक्षण संपून मी घरी आले होते. तेव्हा काच मिळेनाशी झाली होती. प्लेटा नाहीत, तसबिरीच्या काचाही नाहीत. आणि तसबिरींना कधी नव्हे एवढी मागणी, कारण आसपासच्या गावांतले तरुण पलटणीत गेले होते आणि त्यांच्या आयांना पोराचा फोटो भिंतीवर हवा होता. त्यातच काकांना हिवताप आला. ते मधल्या खोलीत घोंगडी पांघरून पडलेले, कुडकुडत. मला बोलावून म्हणाले, “मडम, फळीवरच्या काचा खरवडून टाक. माणसं हायेत थ्या ठेवजो, बाकीच्या कोऱ्या कर. लोक चकरा मारून राहिले.” मी हो म्हटलं.

काकांच्या स्वतःच्या काचा त्यांच्या खाटेखालच्या लाकडी पेटीत असत. पण त्या पावसाळ्यात पेटीला वाळवी लागली, म्हणून काकीने आतली खोकी उचलून फळीवर, इतर खोक्यांच्या शेजारी ठेवली होती. सांगायचं तिच्या लक्षात राहिलं नाही; नवरा तापाने फणफणत असताना कसं राहील? मी अंगणात घंगाळात ऊन पाणी घेतलं, त्यात धुण्याचा सोडा टाकला आणि एकेक काच आभाळाकडे धरून बघू लागले. माणूस आहे की नाही, एवढंच बघायचं होतं. काचेवर रंग उलटे उमटतात, पांढरी भिंत काळीकुट्ट दिसते आणि सावली स्वच्छ. तरी मी ओळखलं. सगळी नाही, पण सूप ओळखलं, बोदलकशाची काठी ओळखली. काठीची काच हातात धरून मी थोडा वेळ उभी राहिले. अंगणातून मधल्या खोलीपर्यंत वीस पावलंसुद्धा नाहीत. आत जाऊन “काका, ह्याही?” एवढंच विचारायचं होतं. पण आत त्यांना बघायला आलेले कुणी दोघे बसले होते आणि परक्या माणसांसमोर मला बोलता येत नसे. शिवाय ‘बस झालं’ हे मी ऐकलेलं होतं. नियमही स्पष्ट होता. मी काच पाण्यात सोडली. ऊन पाण्यात काचेवरचा थर सुटतो, सायीसारखा. काठीचं चित्र अख्खंच्या अख्खं सुटून पाण्यावर आलं, क्षणभर तरंगलं, मग मी हात घातला तसं दुमडलं... मी सगळी खोकी संपवली. संध्याकाळपर्यंत भिंतीशी स्वच्छ काचांची चळत उभी होती. काकी म्हणाली, “किती लख्ख काढल्या पोरीनं!”

चार दिवसांनी नागपूरहून पत्र आलं. इंग्रजीत, टाईप केलेलं. काकांचा ताप त्या दिवशी उतरलेला होता आणि दुपारी ते खाटेवर टेकून पेज पीत होते. पाकीट बघितल्याबरोबर त्यांनी वाटी खाली ठेवली. तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं: मी नागपूरला शेवटची परीक्षा देत होते त्या दिवसांत एक गृहस्थ गाडी बदलायला गोंदियाला उतरले होते, चष्म्याची काडी जोडून घ्यायला कुणी त्यांना काचकाम करणाऱ्या काकांच्या दुकानात पाठवलं, आणि बोलता बोलता काकांनी पेटीतल्या काचा त्यांना खिडकीशी धरून दाखवल्या. गृहस्थ पुढची गाडी चुकवून बसले. नागपुरात फोटोंचं प्रदर्शन भरवणार आहोत, तुम्हाला पत्र लिहितो म्हणाले. “हासतीन मनून कोनाले सांगतलं नाही. तुया काकीलेबी नाही. वाच.”

मी नेहमी मोठ्याने वाचत असे. त्या दिवशी आधी मनात वाचलं. त्या गृहस्थांनी लिहिलं होतं की बारा काचा निवडून तणसाच्या पेंढ्यात नीट बांधून पाठवाव्यात; त्यांचे मोठे छाप ते करून घेतील आणि काचा परत पाठवतील. पाण्यातली काठी त्यांत जरूर असावी. इतक्या कमी वस्तूंमध्ये इतकं काही पाहिलेला माणूस त्यांना आजवर भेटला नव्हता.

“काय मनतेत?”

मी म्हटलं, “नाही म्हणतात, काका.”

“नाही मंजे?”

“त्यांना... अशी चित्रं नको आहेत. माणसं असलेली हवी आहेत.”

हे दुसरं वाक्य मला कुणी विचारलं नव्हतं. ते मी का जोडलं, हे मला आजही सांगता येत नाही. आजारी माणसाला धक्का बसू नये म्हणून मी खोटं बोलले, असं बरेच दिवस स्वतःला सांगत राहिले. ते खरं नाही. ते रागावतील याचीही भीती नव्हती. ते माझ्यावर कधीच रागावले नव्हते. त्या काचा मी खरवडल्या, हे एक वाक्य मला तोंडाने उच्चारता येईना, एवढंच. ‘नाही म्हणतात’ उच्चारता आलं.

काकांनी पेजेची वाटी पुन्हा उचलली. मग म्हणाले, “हव. बरोबर हाय त्यायचं. त्यात हाय तरी काय? सूप हाय, काठी हाय.” थोड्या वेळाने पुन्हा, “मंग पेटीतल्या काचाबी खरवडून टाक, मडम. काच तरी कामी पडन.” मी म्हटलं, “हो काका.” त्या रात्री नव्हे, त्याच दुपारी बसून मी त्या गृहस्थांना काकांच्या नावाने उत्तर लिहिलं की काचा उपलब्ध नाहीत, क्षमस्व. माझं इंग्रजी चांगलं आहे. पत्रात एकही चूक नव्हती.

ते उठून कामाला लागले. त्यांनी पुन्हा कधी कॅमेरा अंगणात आणला नाही. मला नागपूरला नोकरी मिळाली, किंवा खरं सांगायचं तर मी ती धडपडून मिळवली, म्हणजे त्या अंगणात राहावं लागू नये. काका मला स्टेशनवर पोचवायला आले. फलाटावरच्या बाकावर कुणाचा तरी पितळी लोटा राहिला होता. सकाळचं ऊन तिरपं येत होतं आणि रिकाम्या बाकावर लोट्याची सावली पार टोकापर्यंत गेली होती. आजूबाजूला काही नाही, माणूसही नाही. माझी पावलं आपोआप थांबली. मी काकांकडे पाहिलं. त्यांनीही लोट्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते उकिडवे बसतील... “कोनाचा लोटा राहिला वं थे?” ते म्हणाले. “दे त्याले आवाज.” मग गाडी आली. त्यांनी ट्रंक आत चढवली. ती आमची शेवटची भेट.

माणूस मेला की त्याचे डोळे मिटतात, असं म्हणतात. मोतीरामकाकांच्या बाबतीत तो क्रम उलटा झाला. मी केलेली पहिली गोष्ट चूक होती. चूक कुणाकडूनही होते. दुसरी गोष्ट नुसती चूक नव्हती. जगात एका माणसाने त्यांना सांगितलं होतं की तुम्ही जे पाहता ते पाहण्यासारखं आहे, आणि त्याचा शब्द त्यांच्यापर्यंत पोचवायचं काम माझ्याकडे होतं.

इथपर्यंत लिहून झालं तेव्हा मी शनिवारी गोंदियाला गेले. काकी दाराशी तांदूळ निवडत बसली होती. “त्यायच्यावर लिवलं मनतेस, मंग वाचून दाखव ना,” ती म्हणाली. तिला वाचता येत नाही. कुठलंही पान गाळलं असतं तरी तिला कळलं नसतं, आणि खरं सांगते, मालगुजारांच्या फोटोपाशी हसून तिने डोळे पुसले तेव्हा मी पुढची पानं मोजून पाहिली. मग मी सगळं वाचलं. तिचे हात सुपात थांबले ते थांबलेच.

“येवढंच सांगा लागत होतं तुले,” ती म्हणाली, “का माया हातून झालं. थे हासले असते वं. दुसऱ्या दिवशी नवीन काठी पाहाले गेले असते.”

मी कागदांची घडी घातली.

मग ती उठून आत गेली. भिंतीवर काकांचा फोटो आहे, कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून तेराव्याला लावलेला. त्याची काच मी कोऱ्या केलेल्या त्या चळतीतलीच. तिने तसबीर उतरवली, मागचे खिळे सांडशीने उपटले, काच बाहेर काढली, पदराने पुसली आणि दारात येऊन दोन्ही हातांनी उजेडाकडे धरली. आधी या बाजूने, मग त्या बाजूने.

“काई दिसते काय?”

“नाही, काकी.”

“मलेबी नाही दिसत,” ती म्हणाली, आणि तरी धरूनच उभी राहिली.

काच तिने तसबिरीत परत बसवली नाही. मी निघाले तेव्हा ती काच कोनाड्यात, चुन्याच्या भिंतीला टेकून उभी होती. कोनाड्यातली पणती आणि हळदीकुंकवाची डबी काकीने काढून खाली ठेवली होती.